जुन्या अमेरिकी वृत्तपत्रांतील औषधांच्या आणि घरगुती वस्तूंच्या जाहिराती कशा वाचाव्यात

बॉस्टन न्यूज-लेटर या साप्ताहिकाच्या १७०८ सालच्या एका अंकात डॅफीच्या ‘एलिक्सर सॅल्युटिस’ या अर्काची छोटीशी जाहिरात आहे. निकोलस बून या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात अर्ध्या पिंटाची बाटली साडेचार शिलिंगांना मिळेल, एवढेच ती सांगते. तिच्यात चित्र नाही, मोठी अक्षरे नाहीत आणि बऱ्या झालेल्या कुणा रुग्णाचे पत्रही नाही. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी निघालेले एखाद्या अमेरिकी खेड्याचे चारपानी साप्ताहिक उघडले, तर काढे, गोळ्या, मलमे, साबण, सोड्याच्या पुड्या आणि उंदीर मारण्याचे विष यांच्या जाहिरातींनी रकानेच्या रकाने भरलेले दिसतात. या दोन टोकांमधला प्रवास समजून घ्यायचा असेल, तर जाहिराती वाचण्याची काही शिस्त अंगी बाणवावी लागते. वैद्यकाच्या, छपाईच्या किंवा घरगुती जीवनाच्या इतिहासाची आवड असून जुनी अमेरिकी वृत्तपत्रे ज्यांनी अजून हाताळलेली नाहीत, अशा वाचकांसाठी ती शिस्त पुढे क्रमाने मांडली आहे. इंग्रजी वाचन, इंटरनेट आणि सवड एवढ्या तीन गोष्टी असल्या की काम सुरू करता येते.

सर्वांत महत्त्वाचे ते आधीच सांगतो. आज अशा जाहिराती बहुधा सुट्या कात्रणांच्या रूपाने आपल्यासमोर येतात, आणि एकट्या कात्रणावरून काहीही ठरवू नये असे माझे ठाम मत आहे. कात्रणात फक्त जाहिरातदाराचे म्हणणे असते. पूर्ण पान पाहिले की त्या जाहिरातीचा शेजार कळतो, आणि अनेक अंक ओळीने पाहिले की ती किती काळ चालली, मजकूर केव्हा बदलला आणि वृत्तपत्राचे तिच्याशी नाते काय होते, हे हळूहळू उलगडते. पुढची प्रत्येक पायरी कात्रणाकडून पानाकडे आणि पानाकडून अंकांच्या मालिकेकडे नेणारी आहे.

पहिली पायरी: ‘पेटंट’ या शब्दाचा अर्थ नीट लावणे

‘पेटंट औषध’ हा शब्दप्रयोग इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदेवरून आला. रॉबर्ट टर्लिंग्टन याला त्याच्या ‘बाल्सम ऑफ लाइफ’ या औषधासाठी १७४४ साली अशी सनद मिळाली होती, आणि तिचा उल्लेख तो अभिमानाने करीत असे. अमेरिकेत तयार झालेल्या बहुतेक औषधांना मात्र आजच्या अर्थाने पेटंट कधीच नव्हते. पेटंट घ्यायचे म्हणजे कृती सरकारदरबारी उघड करायची, आणि धंदा तर कृतीच्या गुप्ततेवर उभा होता. मालक जपत असत ते औषधाचे नाव, बाटलीचा आकार, वेष्टनावरचे चित्र आणि सहीचा ठसा. कनेक्टिकटमधील विंडहॅमच्या सॅम्युएल ली याने १७९६ साली पित्ताच्या गोळ्यांसाठी घेतलेले पेटंट हे अमेरिकी सरकारने औषधाला दिलेले पहिले पेटंट होय. तीनच वर्षांनी न्यू लंडन येथील दुसऱ्या एका सॅम्युएल लीने आपल्या गोळ्यांसाठी पेटंट मिळवले, आणि दोघांनी वृत्तपत्रांतून एकमेकांवर तोंडसुख घेतले. असे पेटंटधारी अपवादानेच सापडतात. म्हणून औषधाच्या मालकाचा शोध पेटंटच्या नोंदींपेक्षा १८७० नंतरच्या व्यापारचिन्हांच्या नोंदींत घेणे अधिक फलदायी ठरते.

नावावरून मूळ गाव ठरवण्याची घाईही करू नये. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात इंग्लंडहून येणारा माल अडला, तेव्हा जुन्या इंग्रजी औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत स्थानिक मिश्रणे भरून विकण्याची रीत अमेरिकेत रुजली. पुढे एकाच नावाची इतकी निरनिराळी मिश्रणे बाजारात आली, की फिलाडेल्फिया येथील औषधनिर्माण महाविद्यालयाने १८२४ साली अशा आठ जुन्या इंग्रजी औषधांच्या प्रमाणित कृती छापून प्रसिद्ध केल्या. त्यामुळे १८२० च्या दशकातील जाहिरातीत ‘टर्लिंग्टन’ किंवा ‘गॉडफ्रे’ हे नाव दिसले, तरी ती बाटली लंडनहून आली असेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी पायरी: एक नाव आणि एक कालखंड निवडणे

‘जुन्या औषधांच्या जाहिराती’ असा मोघम शोध घेणारा नवखा वाचक दोन दिवसांत हजारो पानांखाली गाडला जातो. त्याऐवजी दीर्घकाळ चाललेले एखादे नाव घ्यावे. मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल येथील आयरचे ‘चेरी पेक्टोरल’, पिट्सबर्गचे ‘हॉस्टेटर्स बिटर्स’, लिन येथील लिडिया पिंकहॅम यांचे ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ किंवा लहान मुलांचे ‘कॅस्टोरिया’ ही नावे त्या दृष्टीने सोयीची आहेत, कारण अनेक दशके आणि अनेक राज्यांतील वृत्तपत्रांत ती सापडतात.

अठराव्या शतकाची ओढ असेल, तर बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पेन्सिल्व्हेनिया गॅझेटपासून सुरुवात करावी. त्या पत्रात १७३१ साली ‘विधवा रीड’ यांच्या खरजेवरील मलमाची जाहिरात आहे. या बाई म्हणजे फ्रँकलिन यांच्या सासूबाई. आपण आता नव्या छापखान्यात राहायला आलो असून तेथेच मलम मिळेल, असे त्या कळवतात. १७३० च्या दशकातच त्या पत्रात फ्रँकलिन यांच्या भावांनी केलेल्या ‘क्राउन सोप’ या साबणाची जाहिरात येते. त्या काळी मुद्रकाचे घर, छापखाना आणि दुकान बहुधा एकाच छपराखाली असे, आणि कागद, शाई, पुस्तके यांच्याबरोबर तो औषधेही विकत असे. त्यामुळे त्या काळच्या जाहिरातीत ‘याच छापखान्यात मिळेल’ ही ओळ आढळली, तर ती अवश्य टिपून ठेवावी, कारण अशा ठिकाणी वृत्तपत्राचा मालक स्वतःच विक्रेता असतो आणि आपल्याच मालाला आपल्याच पानावर जागा देत असतो.

तिसरी पायरी: संग्रहात शोधणे

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह विनामूल्य आहे आणि नवख्याने तेथूनच सुरुवात करावी. वूस्टर येथील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी ही इसाया थॉमस या मुद्रकाने १८१२ साली स्थापन केलेली संस्था अठराव्या शतकातील वृत्तपत्रांचा मोठा साठा बाळगून आहे. त्यातील बरीच पाने सशुल्क संग्रहांतून, म्हणजे बहुधा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत पाहता येतात. जाहिरातीची पत्रके, पंचांगे आणि वेष्टने पाहण्यासाठी ड्यूक विद्यापीठाचा जाहिरातविषयक संग्रह आणि बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय उपयोगी पडते.

शोधताना लक्षात ठेवायचे ते असे, की पानावरील अक्षरे यंत्राने वाचलेली असतात आणि ती वाचताना यंत्र सारखे चुकते. १८०० पूर्वीच्या छपाईत शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येणारा ‘एस’ लांब खिळ्याने छापीत. तो ‘एफ’सारखा दिसतो, म्हणून ‘सोप’ हा शब्द यंत्राच्या लेखी ‘फोप’ होतो. अशा काळासाठी शब्दाची चुकीची रूपेही मुद्दाम शोधावी लागतात. नंतरच्या काळात बारीक खिळा, झिजलेले ठसे आणि मधल्या घडीची रेघ यांमुळे औषधाचे नावच हरवते. तेव्हा नावाऐवजी गावाचे नाव व रोगाचे नाव एकमेकांजवळ येतील असा शोध द्यावा. राज्य आणि वर्षांची मर्यादा घातल्याशिवाय शोध घेऊ नये. ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘जाहिरात नव्हती’ असा लावण्यापूर्वी निदान दोन-तीन अंक स्वतः डोळ्यांखालून घालावेत. शिवाय सर्वच वृत्तपत्रे संगणकावर आलेली नाहीत. स्थलांतरितांनी चालवलेल्या जर्मन व इतर भाषांतील पत्रांकडेही वळावे. ‘सेंट जेकब्स ऑइल’ या मालिशच्या तेलाच्या जर्मन जाहिराती इंग्रजी जाहिरातींच्या इतक्याच हिरिरीने छापल्या जात.

चौथी पायरी: पूर्ण पान पाहणे

जाहिरात सापडली की ती मोठी करून वाचण्याआधी चित्र लहान करून पूर्ण पान एकदा न्याहाळावे. ती कोणत्या पानावर आहे, कोणत्या रकान्यात आहे, वर-खाली काय आहे, हे लिहून काढावे. अठराव्या शतकातील पानांवर औषधाच्या जाहिरातीला लागूनच माणसांच्या विक्रीच्या आणि पळून गेलेल्या गुलामांना पकडून देणाऱ्यास बक्षीस देण्याच्या जाहिराती येतात. कात्रण कापताना हा शेजार नाहीसा होतो, आणि तो नाहीसा करून त्या काळाबद्दल बोलणे मला अप्रामाणिक वाटते.

मग जाहिरातीच्या शेवटच्या ओळीकडे जावे. तेथे पुष्कळदा बारीक अक्षरांत एक खूण असते, आणि नवखे वाचक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती खूण वाचकासाठी नसून खिळे जुळवणाऱ्या कामगारासाठी असे. जानेवारीचे संक्षिप्त रूप, त्यापुढे चारचा आकडा आणि नंतर ‘३ एम’ असे असेल, तर जाहिरात ४ जानेवारीला सुरू झाली आणि तीन महिने चालवायची आहे. ‘टी’ आणि ‘एफ’ ही दोन अक्षरे असली, तर जाहिरातदार नको म्हणेपर्यंत ती छापत राहायची. ‘डी’ आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे दैनिक आणि साप्ताहिक अशा दोन्ही आवृत्त्यांत, आणि ‘ई-ओ-डब्ल्यू’ म्हणजे एक आठवडा सोडून एक आठवडा. या खुणेवरून जाहिरातीचे पूर्ण आयुष्य काढता येते. अनेक पत्रांचे दर पहिल्या पानावर किंवा संपादकीयाच्या वर ‘स्क्वेअर’ या, म्हणजे रकान्यातील ठरावीक जागेच्या, मापाने दिलेले असतात. ते दर आणि ही खूण एकत्र ठेवली, की जाहिरातीवर किती खर्च झाला असावा याचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

यानंतर जाहिरात कुठे जुळवली गेली, हे ठरवावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे औषधवाले जाहिरातीचे तयार ठसे गावोगावच्या पत्रांना पाठवीत, त्यामुळे मेन राज्यातील पानावरची जाहिरात आणि टेक्ससमधील पानावरची जाहिरात खिळ्याखिळ्याने सारखी असते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे आधीच छापलेली पाने. विस्कॉन्सिनमधील बाराबू गावच्या साप्ताहिकाचा मालक ए. एन. केलॉग याचे कामगार १८६१ साली यादवी युद्धावर गेले, तेव्हा त्याने मॅडिसनहून एका बाजूला छापलेले कागद मागवून उरलेल्या बाजूस स्थानिक मजकूर छापला. त्याच कल्पनेवर त्याने १८६५ साली शिकागोत धंदा उभा केला. कागदाच्या एका बाजूला गोष्टी, शेतीविषयक माहिती आणि औषधांच्या जाहिराती आधीच छापून येत. गावच्या संपादकाने दुसरी बाजू भरायची. एखाद्या चारपानी साप्ताहिकाच्या दोन पानांवर गावाचे, माणसाचे किंवा दुकानाचे एकही स्थानिक नाव नसेल आणि तेथला खिळा उरलेल्या दोन पानांपेक्षा निराळा असेल, तर तो कागद बाहेरून आला आहे असे समजावे. शेजारच्या गावाच्या पत्राचा त्याच आठवड्याचा अंक उघडला की खात्री पटते. अशा जाहिरातीवरून ‘या गावातील लोक हे औषध घेत’ किंवा ‘या संपादकाने ही जाहिरात पसंत केली’ असे विधान करता येत नाही. इतिहासाच्या हौशी लेखनात हीच चूक मला वारंवार आढळली आहे.

बातमीच्या वेषातील जाहिराती ही आणखी एक अडचण. एखादा परिच्छेद वादळाच्या, अपघाताच्या किंवा एखाद्या सत्पुरुषाच्या गोष्टीने सुरू होतो आणि शेवटच्या दोन ओळींत बाटलीचे नाव येते. पैसे घेऊन छापलेल्या अशा मजकुरावर ‘जाहिरात’ असा शब्द छापण्याची सक्ती अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने झाली. त्याआधीच्या अंकांत स्थानिक बातम्यांचा रकानासुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. संपादकीय मजकुरावरही डोळा ठेवावा. जेम्स गॉर्डन बेनेट यांच्या न्यूयॉर्क हेरल्डमध्ये बेंजामिन ब्रँड्रेथ यांच्या वनस्पतीजन्य गोळ्यांची जाहिरात जोरात चालू असताना त्यांचे गुणगान होत असे. १८३७ साली ब्रँड्रेथ यांनी करार मोडल्यावर त्याच पत्राने त्यांना भोंदू ठरवले. हे दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचले, तर वृत्तपत्र आणि औषधवाला यांच्यातील व्यवहार जितका स्पष्ट होतो, तितका तो कुठल्याही एका जाहिरातीवरून होणार नाही.

पाचवी पायरी: मजकुराची भाषा समजून घेणे

रोगांची जुनी नावे आजच्या निदानांशी जशीच्या तशी जुळवू नयेत. ‘कन्झम्प्शन’ म्हणजे बहुतेक वेळा क्षय. ‘एग्यू’ म्हणजे थंडी वाजून पाळीने येणारा ताप, जो पुष्कळदा हिवताप असे. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावरची सूज किंवा जलोदर. ‘स्क्रोफ्युला’ म्हणजे गंडमाळा. ‘बिलियस’ या शब्दाचा अर्थ लावताना मराठी वाचकाला आपल्या ‘पित्त’ या शब्दाची मदत होते, कारण दोन्हींत अपचन, डोकेदुखी आणि स्वभाव हे सारे एकत्र गुंफलेले आहे. ‘कॅटार’ म्हणजे मुळात नाकाघशातील सर्दी, पण ओहायोतील कोलंबस येथील डॉ. हार्टमन यांनी आपल्या ‘पेरूना’च्या जाहिरातींत पोट, मूत्रपिंड, गर्भाशय अशा जवळजवळ प्रत्येक अवयवाच्या विकाराला ‘कॅटार’ हेच नाव दिले. एका शब्दाचा अर्थ असा ताणला जात असताना वर्षानुवर्षांच्या अंकांतून त्याचा माग काढणे हा नवख्यासाठी उत्तम अभ्यास आहे.

स्त्रियांसाठीच्या गोळ्यांच्या जाहिरातींत ‘अडथळा दूर करणे’, ‘मासिक नियमितता’ असे शब्द येतात, आणि ‘विवाहित स्त्रियांनी अमुक स्थितीत घेऊ नये’ असा इशाराही येतो. हा इशारा म्हणजे कित्येकदा औषध गर्भपातासाठी आहे हे सांगण्याची पद्धत होती. न्यूयॉर्कमध्ये ‘मादाम रेस्टेल’ या नावाने ॲन लोमन यांनी १८३९ पासून दिलेल्या जाहिराती याच भाषेत आहेत. अश्लील मजकूर आणि गर्भपाताची साधने टपालाने पाठवण्यास बंदी घालणाऱ्या १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्यानंतर ही भाषा आणखी झाकली गेली, म्हणून त्या सालाच्या अलीकडील आणि पलीकडील मजकूर वेगवेगळा नोंदवावा.

दूरदेशीच्या कथांकडे आपण भारतीय वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. फिलाडेल्फियाच्या क्रॅडॉक कंपनीच्या जाहिरातीत डॉ. एच. जेम्स नावाचे गृहस्थ कलकत्त्यात वनस्पतींवर प्रयोग करीत असताना योगायोगाने त्यांच्या एकुलत्या एका लेकराचा क्षय बरा करणारे औषध सापडल्याची कथा आहे. ते औषध म्हणजे ‘कॅनाबिस इंडिका’, अर्थात आपली भांग-गांजाची वनस्पती. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथून प्रसिद्ध होणाऱ्या दुसऱ्या एका जाहिरातीत निवृत्त वैद्याला ईस्ट इंडियातील एका मिशनऱ्याने साध्या वनस्पतीची कृती दिल्याचे सांगितले आहे, आणि जो टपालखर्च पाठवील त्याला ती फुकट मिळेल असे आश्वासन आहे. अशा कथांवरून भारतीय औषधींच्या खऱ्या प्रसाराबद्दल निष्कर्ष काढू नये. अमेरिकी वाचकाला ‘हिंदुस्थान’ या शब्दाने काय वाटावे अशी जाहिरातदाराची अपेक्षा होती, एवढेच त्या सांगतात, आणि तेवढे पुष्कळ आहे.

प्रशस्तिपत्रे आली की पत्रलेखकाचे नाव, गाव आणि तारीख टिपून, त्याच गावच्या पत्रात पुढील एक-दोन वर्षांतील मृत्युवार्ता पाहाव्यात. काही पत्रे पत्रलेखकाच्या निधनानंतरही छापली जात राहिली. सगळीच पत्रे बनावट होती असे मात्र धरून चालू नये. मद्यार्क आणि अफू असलेल्या औषधाने तात्पुरता आराम नक्कीच वाटत असे, आणि पुष्कळ आजार आपोआपही बरे होतात.

किंमत टिपणे कधीही विसरू नये. ‘एक डॉलर बाटली, सहा बाटल्या पाच डॉलरांना’ हे सूत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास आढळते. साध्या मजुराची एक दिवसाची कमाई तेव्हा एखाद्या डॉलरच्या आसपास असे, हे लक्षात घेतले म्हणजे सहा बाटल्या घेणाऱ्या घराची निकड आपल्याला जाणवते.

सहावी पायरी: बाटलीत काय होते, ते वेगळ्या पुराव्याने पाहणे

जाहिरातीवरून औषधातील घटक कळत नाहीत. त्यासाठी राज्यांच्या आरोग्य मंडळांनी, सरकारी रसायनशास्त्रज्ञांनी आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने प्रसिद्ध केलेली विश्लेषणे पाहावी लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार हॉस्टेटर्स बिटर्समध्ये सुमारे ४४ टक्के, पेरूनामध्ये सुमारे २८ टक्के आणि पिंकहॅम कंपाउंडमध्ये सुमारे २० टक्के मद्यार्क होता. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ हे दात येणाऱ्या बाळांना गप्प करणारे सरबत मॉर्फिनयुक्त होते. जाहिरातीतील झोपलेले गोजिरे बाळ पाहताना हे ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण अशा सरबतांनी बाळे दगावली आहेत.

परंतु सर्वांना एकाच मापाने मोजणे हाही अन्याय आहे. कॅस्टोरियाच्या जाहिराती ‘यात अफू नाही, मॉर्फिन नाही’ असे सांगत, आणि ते खरे होते. त्यातील मुख्य रेचक सोनामुखी होते. मिसुरीतील ॲरो रॉक येथील डॉ. जॉन सॅपिंग्टन यांच्या ‘अँटी-फीव्हर’ गोळ्यांत क्विनीन होते, त्या हिवतापावर खरोखर गुणकारी होत्या, आणि त्यांनी १८४४ साली आपली कृती स्वतःच छापून टाकली. दुसऱ्या टोकाला टेक्ससमधील विल्यम रॅडम यांचा ‘मायक्रोब किलर’ आहे; जंतूंच्या नव्या सिद्धान्ताचे नाव घेऊन विकले जाणारे ते औषध म्हणजे जवळजवळ सगळे पाणी आणि त्यात थोडेसे गंधकाम्ल. या तिन्हींच्या जाहिराती आत्मविश्वासाने ठासून भरलेल्या आहेत, त्यामुळे जाहिरातीचा सूर पाहून औषधाचा कस ठरवता येत नाही.

सातवी पायरी: घरगुती वस्तू त्याच पानावर वाचणे

साबण, पावाचा सोडा, कीटकनाशके यांच्या जाहिराती औषधांपासून तोडून वाचू नयेत, कारण जाहिरातीच्या युक्त्या दोन्हींकडे त्याच होत्या आणि सीमारेषाही धूसर होती. ‘ग्लेन्स सल्फर सोप’ हा साबण त्वचारोग घालवण्याचे आश्वासन देई. ‘मेक्सिकन मस्टँग लिनिमेंट’ माणसांना आणि जनावरांना सारखेच लावायचे असे. जर्सी सिटीच्या ‘रफ ऑन रॅट्स’ या आर्सेनिकयुक्त उंदीरनाशकाच्या मालकाने तेच नाव थोडेफार बदलून भोवरी आणि दातदुखी यांवरची औषधेही विकली.

सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचा ‘आयव्हरी’ साबण १८७९ सालचा. त्याची शुद्धता ९९ पूर्णांक ४४ शतांश टक्के असल्याची घोषणा रसायनशास्त्रज्ञाच्या विश्लेषणावरून घेतली होती. औषधवाले रुग्णांची पत्रे छापत, तर साबणवाल्याने आकडा छापला. वाचकाचा विश्वास कशावर बसू लागला होता याचा हा महत्त्वाचा पुरावा मानावा. ‘रॉयल बेकिंग पावडर’ने ‘पूर्णपणे शुद्ध’ हे शब्द वापरत तुरटीच्या क्षारांपासून बनवलेल्या स्वस्त पावडरी विषारी असल्याचा दीर्घकाळ प्रचार केला, आणि त्यात बातमीच्या वेषातील मजकुराचा भरपूर वापर झाला. मिसुरी राज्याने १८९९ साली तुरटीयुक्त पावडरीवर बंदी घातली, व त्या कायद्यामागची लाचलुचपत पुढे उघडकीस आली. स्वयंपाकघरातील सोड्याची एवढीशी जाहिरात राज्याच्या विधिमंडळापर्यंत कशी पोचते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मिसुरीतील पत्रांचे १८९९ ते १९०५ चे अंक ओळीने वाचावेत.

आठवी पायरी: कायद्यांच्या तारखा हाताशी ठेवणे

तारीख नसलेले कात्रण हाती आले, तर कायदे मदतीला येतात. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ साली लावलेला औषधांवरील मुद्रांक १८८३ साली रद्द झाला. बुचावरील मुद्रांक अखंड असल्याची खात्री करा असे सांगणारी जाहिरात बहुधा या एकवीस वर्षांतील असते. शुद्ध अन्न व औषध कायदा ३० जून १९०६ रोजी मंजूर झाला आणि १ जानेवारी १९०७ पासून लागू झाला. त्याने मद्यार्क, अफू, मॉर्फिन, कोकेन, कॅनाबिस इत्यादींचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक केले, पण वृत्तपत्रातील जाहिरातीला हातही लावला नाही. त्यानंतर वेष्टनांवर आणि जाहिरातींत ‘१९०६ च्या कायद्यान्वये हमी’ अशी ओळ येऊ लागली; ती हमी उत्पादकाची होती, सरकारची नव्हे, तरी वाचणाऱ्याला उलट वाटावे अशीच तिची रचना होती. कर्करोग बरा करण्याचा खोटा दावा त्या कायद्यात बसत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९११ साली दिल्यावर १९१२ साली वेष्टनावरील अशा फसव्या दाव्यांना मनाई करणारी शर्ली दुरुस्ती झाली. जाहिरातींवर प्रत्यक्ष अंकुश आला तो १९३८ साली.

नववी पायरी: वृत्तपत्राचे मौन नोंदवणे

ही पायरी सर्वांत अवघड आहे, कारण येथे पानावर नसलेले शोधायचे असते. पत्रकार मार्क सलिव्हन यांनी ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकाच्या ४ नोव्हेंबर १९०५ च्या अंकात औषधवाल्यांच्या करारातील एक कलम प्रसिद्ध केले. तुमच्या राज्याने औषधविक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला, तर हा जाहिरातीचा करार रद्द होईल, असा त्याचा आशय होता. ‘हॉल्स कॅटार क्युअर’चे मालक टोलेडो येथील एफ. जे. चेनी यांनी ही युक्ती शोधून काढली, कलम तांबड्या शाईत छापले जाई, आणि कॅन्सस राज्यातील एम्पोरियाचे संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी आपल्याकडील कराराची प्रत पुरवली. असा करार केलेल्या संपादकाला कायद्याच्या विरोधात लिहायला कुणी सांगावे लागत नसे. त्यामुळे आपण निवडलेल्या पत्राच्या राज्यात औषधांविषयी विधेयक केव्हा आले ते पाहून, त्या आठवड्यांत त्या पत्राने त्याबद्दल किती ओळी छापल्या आणि औषधांच्या जाहिरातींना किती इंच दिले, हे पट्टी घेऊन मोजावे.

या सगळ्यासाठी एक साधी वही पुरते. वृत्तपत्राचे नाव, गाव, तारीख, पान, रकाना, जाहिरातीची उंची, शेवटची खूण, किंमत, पत्ता, तयार ठसा की स्थानिक जुळणी, आणि शेजारचा मजकूर एवढ्या नोंदी प्रत्येक वेळी कराव्यात. चित्र जतन करताना पूर्ण पानाचेच करावे.

पहिला सराव म्हणून लिडिया पिंकहॅम घ्याव्यात. त्यांचे औषध १८७५ पासून विकले जाऊ लागले आणि त्यांची प्रसन्न, वयस्क मुद्रा १८७९ पासून जाहिरातींत झळकू लागली. १७ मे १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. एका शहरातील एकच वृत्तपत्र निवडून त्यातील १८८०, १८८४ आणि १८९९ या वर्षांच्या जाहिराती काढाव्यात, आणि ‘मिसेस पिंकहॅम यांना लिहा, त्या उत्तर देतील’ हे निमंत्रण कोणत्या शब्दांत चालू राहते ते उतरवून घ्यावे. एडवर्ड बॉक यांच्या लेडीज होम जर्नलने सप्टेंबर १९०५ मध्ये लिन येथील त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापले. त्यावर कंपनीचे म्हणणे असे, की पत्रांना उत्तरे देणाऱ्या मिसेस पिंकहॅम म्हणजे त्यांच्या सूनबाई. आपण निवडलेल्या पत्रात त्या शरद ऋतूत या प्रकरणाची बातमी आली का, आली असल्यास कोणत्या पानावर आणि किती ओळींत, आणि त्याच आठवड्यातील जाहिरात किती इंचांची होती, हे वहीत एकाखाली एक लिहावे.